आर्लीनने हाकललेली हरणी

आर्लीन किविला माझी शेजारीण. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचं सगळं आयुष्य गेलं. नवरा वारला, मूलबाळ नाही. ट्रकखाली मेलेल्या हरणीचं पिल्लू तिनं घरी आणलं आणि बाटलीनं दूध पाजून वाढवलं. तीच टिली. पाठ म्हणून सोडायची नाही; आर्लीन संडासात गेली तरी ही दाराशी उभी!

आमच्या या मिशिगनच्या उत्तर टोकाला पंधरा नोव्हेंबर म्हणजे सणच, हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. शाळा बंद आणि अख्खं गाव बंदुका घेऊन रानात. म्हणून ऑक्टोबरपासूनच टिलीच्या गळ्यात केशरी पट्टा असायचा. तो दिसला की कुणी गोळी झाडत नाही.

त्या वर्षी सिनेमावाले आले. गोष्ट काय, तर एका बाईची मुलगी हरवते, बाईचं डोकं फिरत जातं आणि रोज खिडकीत एक हरीण येऊन तिच्याकडे टक लावून बघतं. दिग्दर्शकाचं नाव ड्रू.

"पट्टा काढा, आर्लीनबाई. ते नुसतं हरीण नाहीये. तो त्या आईचा अपराधीपणा आहे."

"अपराधीपणाला गोळी लागत नाही रे बाबा, हरणाला लागते," मी म्हटलं. मी तिथं जेवण पोचवायला जायचे, तोंड शिवून बसायला नाही.

चौदा तारखेपर्यंत काम उरका, एवढ्या अटीवर आर्लीन कबूल झाली. का, तर कुणीतरी तिच्या टिलीला देखणी म्हटलं होतं. वेडी कुठली!

आणि आली ना पंचाईत! ड्रूला बर्फ हवा, आणि बर्फ पडेना. पडला तो चौदालाच. शेवटचा शॉट उरला: हरीण रानात निघून जातं, म्हणजे मुलगी कायमची गेली. पण टिली कसली जातेय? चार पावलं टाकायची की परत आर्लीनच्या कोटाला नाक घासायला हजर. दुपार कलली.

"राहू दे," ड्रू म्हणाला, "उद्या घेऊ."

उद्या! म्हणजे पंधरा तारीख, बंदुकांचा दिवस. आर्लीन पुढे झाली आणि जन्मात पहिल्यांदा टिलीवर ओरडली, "चालती हो! जा!" बर्फाचे गोळे करून मारायला लागली. टिली रानाच्या कडेला थांबली, वळून बघितलं. पुढचा गोळा तिच्या तोंडावर बसला. मग गेली. ड्रूनं टाळ्या वाजवल्या.

अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी हाका मारत फिरलो. एका हाकेत धावत येणारी टिली आली नाही. उजाडलं तशा बंदुका वाजायला लागल्या. दर आवाजाला आर्लीन माझा हात आवळायची.

दुपारी पलीकडच्या शेतातला व्हर्न टोपी हातात घेऊन दारात आला. "आर्लीन, पट्टा नव्हता गं. सरळ माझ्याकडे चालत आली, उभी राहिली. मला वाटलं, रोगट असेल." त्याला तरी काय बोलणार? तोही रडत होता.

वर्षानं सिनेमा गावात लागला. नको जाऊस म्हटलं, पण ऐकते थोडीच. टिलीचं ते वळून बघणं ड्रूनं ठेवलं होतं, जोडीला पियानो. सगळे डोळे पुसत होते. पुढच्या रांगेतली बाई नवऱ्याला म्हणाली, "बघितलंस? मुलीनं आईला माफ केलं."

आर्लीन पुढे वाकली. "नाही हो," ती हळूच म्हणाली. "माझं काय चुकलं, असं विचारतेय ती."