विम्याच्या कागदावरचं गाव

माझा धाकटा भाऊ आणि मी, आम्ही दोघांनी एकाच आठवड्यात एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या गाड्या घेतल्या. तो चेकनाक्याच्या पलीकडे ठाण्यात राहतो, मी अलीकडे मुलुंडला. त्याच्या गच्चीवरून माझ्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. तरीही त्याच्या गाडीचा विमा माझ्यापेक्षा स्वस्त, आणि ही बातमी तो दर वर्षी न चुकता घरपोच आणून देतो.

विम्याच्या जगात देशाचे दोनच भाग आहेत. मोजक्या मोठ्या शहरांचा झोन ए आणि उरलेल्या सगळ्यांचा झोन बी. मुंबईत नोंदवलेली गाडी ए मध्ये, नाका ओलांडून ठाण्यात नोंदवलेली बी मध्ये. आपण दुसऱ्याला ठोकलं तर त्याची भरपाई करणारा जो सक्तीचा भाग, तो दोघांनाही सारखा. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा भाग मात्र मुंबईकराला महाग, कारण मुंबईत गर्दी आणि गर्दीत ठोकाठोकी. आता भावाची गाडी रोज सकाळी अंधेरीच्या एमआयडीसीत जाते आणि संध्याकाळी कुठे ना कुठे खरचटून परत येते. माझी आठवड्याचे सहा दिवस सोसायटीतल्या नारळाखाली उभी असते. पण गाडी कुठे फिरते याच्याशी विम्याला देणंघेणं नाही, ती कुठल्या कागदावर जन्मली एवढंच तो बघतो. आपल्याकडे माणसांचंही बरंचसं असंच चालतं, म्हणून मी फार तक्रार करत नसे.

फार नाही म्हणजे वर्षातून एकदा, नूतनीकरणाच्या वेळी. तेव्हा मूळ विमा घेतला की वर घसाऱ्याचे पैसे न कापणारा झिरो डेप घ्या, इंजिनाचं संरक्षण घ्या, चावी हरवली तर त्याचंही घ्या, असा आग्रह सुरू होतो. पंगतीत वाढणारे करतात तसा, फक्त इथे प्रत्येक पदार्थाचे पैसे वेगळे. मी एक-दोन गोष्टी घेते, उरलेल्या नशिबावर सोडते.

गाडी मी घेतली, चालवते मी, पण नावावर आहे बाबांच्या. बाबा अठराव्या वर्षी कणकवलीजवळच्या गावातून मुंबईत आले, गिरणीत लागले. गिरणी बंद पडल्यावर कांजूरमार्गच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले. दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर वहीत लिहिण्यात त्यांची वर्षं गेली. एका गाडीच्या कागदावर त्यांचं नाव असावं असं मला वाटलं, म्हणून लावलं. साहजिकच विम्याच्या कागदावर फोन नंबरही त्यांचाच गेला.

दोन वर्षांपूर्वी नूतनीकरणाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. फोनवरच्या मॅडमनी बाबांना नाव विचारलं, गाडीचा नंबर विचारला आणि मग विचारलं, "काका, गाव कुठलं?"

तिला हवं होतं गाडी नोंदवलेलं शहर. पण मुंबईतल्या मराठी माणसाला हा प्रश्न विचारला की काय उत्तर येणार हे ठरलेलं आहे. इथेच जन्मलेला, इथेच शिकलेला, गावी फक्त मे महिन्यात आंबे खायला जाणारा माणूससुद्धा गावाचंच नाव सांगतो. 'मुलुंड' हे त्या प्रश्नाचं उत्तरच नव्हे. मुलुंड हा पत्ता झाला. बाबांनी कणकवली सांगितलं, वर तिठ्यावरून डावीकडे कसं वळायचं तेही सांगितलं. मॅडमनी कणकवली टाइप केलं. गाडीचा नंबर मुंबईचा आहे, हे त्या कॉम्प्युटरलाही खटकलं नाही.

त्या वर्षी हप्ता कमी आला. मी खूश. भावाला सांगितलं, "घासाघीस करता आली पाहिजे रे, तुला नाही जमायचं." कागदावरचं 'कणकवली' मला दिसलं ते चार महिन्यांनी, दुसरंच काही शोधताना. तेव्हाच फोन करून दुरुस्त करायला हवं होतं. मी कागद परत फाइलमध्ये ठेवला. बाबांनी खरं सांगितलं होतं, लबाडी माझी होती. पुढच्या वर्षी आपोआप नूतनीकरण झालं, कणकवलीसकट, आणि मी पुन्हा गप्प बसले.

मग आषाढात एका दुपारी सोसायटीच्या माडावरून नारळांचा अख्खा घड गाडीवर पडला. नारळ उतरवायला माणूस बोलवायचा, हा विषय आमच्या कमिटीपुढे तीन बैठका होता. कोटेशनं मागवायची की नाही यावर मतभेद होते. ते मतभेद मिटायच्या आत टप चेपला, पुढची काच गेली आणि बॉनेटला खड्डा पडला. सेक्रेटरी खाली येऊन म्हणाले, "बरं झालं, आता पाडायचा खर्च वाचला." मी त्यांना काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

विमा कंपनीचा सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी नुकसान बघायला आला. पन्नाशीचा, शांत, घाम पुसत काम करणारा माणूस. त्याने फोटो काढले, कागद बघितला, गाडीची नंबरप्लेट बघितली, परत कागद बघितला. बाबा शेजारी उभे होते. एका हातात त्यातला एक नारळ होता, वाया कशाला घालवायचा म्हणून उचललेला.

"काका, गाव कुठलं तुमचं?"

"कणकवली," बाबा म्हणाले.

"हां, मग बरोबर आहे. मुंबईत किती दिवसांसाठी आलात?"

बाबांनी जरा हिशेब केला. "बासष्ट वर्षां झाली."

सर्व्हेअरने पेन खाली ठेवलं. त्याने मला बाजूला घेऊन समजावलं. गाडी मुंबईची, मुंबईत असते, कागदावर गाव दुसरं. हे असंच वर गेलं तर क्लेम अडकणार. फरकाचा हप्ता भरा, दुरुस्ती करून घ्या आणि मालकाच्या सहीने खुलासा द्या. खुलाशाचा मजकूरही त्याने सांगितला. माणूस भला होता, उगाच का खोटं बोलू.

संध्याकाळी मी तो मजकूर लिहून बाबांपुढे ठेवला: 'पॉलिसीवरील कणकवली हा उल्लेख चुकीचा असून माझे कायमचे ठिकाण मुलुंड, मुंबई हे आहे.' बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"गाव चुकीचो?" त्यांनी विचारलं.

"गाव नाही बाबा, उल्लेख."

"आणि कायमचो म्हणजे? मेल्यार जातलंय थंयचो?"

"बाबा, विम्याला मेल्यानंतरचं काही नकोय. हा गाडीचा विमा आहे."

"माका कोणी विचारल्यान गाव खयचो, मी सांगलंय. ह्यात माझा काय चुकला? मी खोटी सही करूचंय नाय."

सही नाही तर क्लेम नाही. वर्कशॉपवाला गाडी उघडून बसला होता, आणि गणपतीला याच गाडीने गावी जायचं असं आमचं उन्हाळ्यातच ठरलं होतं. त्या दिवसासाठी बाबांनी नवं धोतर आणून ठेवलं होतं. हे सगळं मी त्यांना नीट सांगू शकले असते. चूक मी केली, कागद मी दाबून ठेवला, हेही सांगू शकले असते. ते सांगायची वेळ आली की माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड आहे.

"काय आहे तिथे तुमचं?" मी म्हणाले. "सामायिक घरातली एक खोली आणि दोन काजूची झाडं. बासष्ट वर्षं झाली इथे. तिथे राहता किती? वर्षाला पाच दिवस."

बाबांनी पेन मागितलं. वॉचमनच्या वहीत करायचे तशी सावकाश, पूर्ण नावाची सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मग उठून तो नारळ फोडायला स्वयंपाकघरात गेले.

क्लेम पास झाला. फरकाचा हप्ता भरला, आम्ही रीतसर झोन ए मध्ये परतलो, भावाला पुन्हा तोंड फुटलं. कमिटीने माडाखाली पाटी लावली, 'वाहने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत', आणि नारळ उतरवण्याचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही गावी पोचलो. घरचा गणपती बाबांच्या चुलतभावाकडे असतो. गाडीचा आवाज ऐकून त्या चुलतभावाची बायको पदराला हात पुसत घरापुढच्या खळ्यात आली. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, चांगली आहे म्हणाली, आणि मग दर वर्षी, मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात तो प्रश्न तिने विचारला.

"मगे भावजी, किती दिवस आसात?"

दर वर्षी बाबा या प्रश्नाला "बघूया, रवान आता" असं काहीतरी म्हणून हसायचे. इतक्या वर्षांत मी त्यांना आकडा सांगताना ऐकलं नव्हतं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. कारखान्याच्या गेटवर नंबर नीट वाचता आला ना, याची खात्री करून घेत तसे.

"पाच," ते म्हणाले, आणि डिकीतून स्वतःची पिशवी काढायला लागले.