पहिल्या चाळणीत गळलेलं पायताण

सन दोन हजार बावीस, मला सत्तरावं लागलं होतं. मी शिवलेली पायताणं सूनबाईनं मोबाइलवरच्या बाजारात मांडली, पण महिनाभर एक गिऱ्हाईक नाही. एका रात्री ती त्याच बाजारात आमचा जोड शोधत होती. तिच्या अंगठ्याखालून लोकांचे हजार जोड सरकले, आमचा काही येईना.

"मामंजी, मशीन आधी शब्दावरून चाळतं, मग उरलेल्यात वर कोण ते ठरवतं. लोक चप्पल शोधतात. तुम्ही हट्टानं नुसतं पायताण लिहायला लावलंत. पहिल्याच चाळणीत गळलं."

"गळू दे. माझ्या बापाकडून हाच शब्द आलाय."

ती वाद घालत बसली नाही, शोधत राहिली. चाळणीतून गळलेला दाणा बाई वेचून घेते, तशी. चाळणीला आपला दाणा ओळखता येत नाही, बोटांना येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिला म्हटलं, "पायताण तसंच राहू दे. पुढं चप्पल लिही, बारीक अक्षरात."