तिची आई लग्नाला गेली तेव्हा

चार वर्षांत माझी बायको पहिल्यांदाच घराबाहेर मुक्कामाला राहिली, ती वैरागला, धाकट्या बहिणीच्या मुलीच्या लग्नात. ती जायला तयारच नव्हती. शेवटी मेहुणीनं मला फोन केला.

"दाजी, अक्काला पाठवा की. माझ्या पोरीला पयली हळद तिनंच लावायची, असं लई आधीपासनं ठरलंय. एक दिस तुमी संभाळाल न्हवं लेकीला?"

"सांभाळीन की," मी म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, लेकीला एकट्यानं मी कधी सांभाळलंच नव्हतं.

त्याच्या चार वर्षं आधी आमची मुलगी अकरावीत होती. क्लासहून स्कूटीवरून येताना विजापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागून ती पडली. मेंदूत रक्तस्राव झाला, ऑपरेशन झालं, दीड महिना ती बेशुद्ध होती. मग एके दिवशी तिनं डोळे उघडले. आम्ही वॉर्डात पेढे वाटले. पण डोळे उघडले तेवढंच. ती बोलत नाही, तिला गिळता येत नाही, हातपाय आखडून गेलेत. नाकातल्या नळीतून पातळ जेवण द्यावं लागतं, घशात कफ साठला की मशीननं ओढून काढावा लागतो, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते.

स्कूटी मी घेऊन दिली होती. बायको तेव्हा म्हणाली होती, अजून एक वर्ष थांबू या. अपघातानंतर तिनं ते पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर आम्ही भांडलो तरी असतो.

मी शाळेत गणित शिकवतो. सकाळी दहाला घर सोडायचं, सहाला परत. औषधं आणणं, डॉक्टरांशी बोलणं, उचलताना हात लावणं, हे माझ्याकडं. बाकी सगळं तिच्याकडं. ती दिवसभर लेकीशी बोलत असायची. भाजी काय आणली, शेजारी कोण आलं, सगळं सांगायची. एकदा मी नुकतेच रिपोर्ट दाखवून आलो होतो, दमलो होतो, आणि बोलून गेलो, "अगं, तिला काही कळत नाही." त्यानंतर मी खोलीत आलो की ती बोलायची थांबायची. मला ते समजत होतं, तरी मी काही केलं नाही.

लग्नाआधी तिनं मला सगळं शिकवलं. नळीत अन्न किती सावकाश सोडायचं, उशी कुठं लावायची. कागदावर वेळा लिहून तो कपाटाला चिकटवला आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं ती गेली. जाताना लेकीच्या कानाशी वाकून बराच वेळ काहीतरी सांगत होती.

शनिवार नीट पार पडला. रविवारी सकाळी पाच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, ते भरून मी लेकीचं अंथरूण बदलायला गेलो. उन्हाळ्यात डायपरनं पुरळ येतं म्हणून बायको दिवसा सुती कापडच वापरायची. कापड काढलं तर रक्त. आधी वाटलं, उचलताना काही लागलं, जखम झाली. मग कळलं.

वीस वर्षांची मुलगी. तिला दर महिन्याला पाळी येत असणार, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पण चार वर्षांत तो विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

मी बायकोला फोन लावला. उचलला मेहुणीनं. मागं बँड वाजत होता.

"अक्का झोपलीय वो दाजी. काल हळद लावली, दोन घास खाल्ले, आन् सामानाच्या खोलीत जरा टेकते म्हणाली, ती अजून उठली न्हाय. दोनदा हाक मारून आले. उठवू का? लेक बरी हाय न्हवं?"

"बरी आहे," मी म्हणालो. "उठवू नका."

शेजारच्या वहिनींना बोलवायला म्हणून मी दारापर्यंत गेलो. त्या आल्या असत्या. कडीला हात लावला आणि तसाच परत फिरलो.

कपाटात खालच्या कप्प्यात पॅडचं पाकीट सापडलं. त्यावरचं चित्र चष्मा लावून नीट बघितलं. पाणी कोमट केलं, मऊ फडकं घेतलं. लेकीच्या अंगावर चादर घातली, कारण आईनं तसंच केलं असतं असं वाटलं.

"बाळा, मी बाबा आहे," मी म्हणालो. "आई मावशीकडं गेलीय. मला हे येत नाही, पण करतो. रागावू नको."

तिचे गुडघे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. जोर लावला तर ते आणखी आवळतात. बायको त्या वेळी काहीतरी गुणगुणत पाय हलके हलके हलवते, हे मी दारातून बघितलं होतं. मला गाणं येत नाही. मी सतराचा पाढा म्हणायला लागलो. ती तिसरीत असताना तो मी तिच्याकडून पाठ करून घेतला होता. पाढा दोनदा म्हणून झाला तेव्हा पाय सैल झाले. कोमट पाण्यानं झाले असतील. सगळं आवरायला तास गेला. ती सबंध वेळ पंख्याकडं बघत होती.

मोरीत कापडं धुताना मला रडू आलं. नंतर चहा करायला गेलो तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर महिन्याला एका तारखेखाली पेनाचा बारीक ठिपका दिसला. तो मी रोज बघत होतो. मला वाटायचं, सिलिंडर लावल्याची तारीख आहे.

संध्याकाळी बायको आली. नवी साडी चुरगळलेली, केस तसेच. आली ती सरळ लेकीपाशी गेली, कपाळावर हात ठेवला, मग खुर्चीत बसली.

"मी लग्न बघितलंच नाही," ती म्हणाली. "अक्षता पडल्या तेव्हा मी झोपले होते. आहेराच्या पिशव्यांत. बहीण नाराज झाली असेल हो."

"झोप लागली ना पण?"

"काही कळलंच नाही. उठल्यावर मी कुठं आहे तेच आठवेना. आणि लेक आठवली नाही. जरा वेळ तर आठवलीच नाही." तिनं पदर तोंडाशी धरला. "असं कसं झालं मला?"

मी तिच्याजवळ बसलो. लेकीची पाळी आली होती, मी सगळं केलं, असं सांगितलं.

"ती काय म्हणाली?" तिनं विचारलं.

आधीचा मी असतो तर म्हणालो असतो, ती काय म्हणणार. "पंख्याकडं बघत होती," मी म्हणालो. "मी तिला पाढा म्हणून दाखवला."

"चालतो तिला पाढा," ती म्हणाली. उठून तिनं चादर वर करून बघितलं आणि पॅड काढून पुन्हा नीट लावलं. मी उलटं लावलं होतं.

त्याला आता दीड वर्ष होईल. रविवारी लेकीचं सगळं मी करतो आणि बायको शेजारच्या वहिनींच्या माडीवर जाऊन झोपते. पहिले दोन महिने तिथंही तिला झोप लागत नव्हती, कान इकडंच. तिचं ब्लड प्रेशर वाढलेलं निघालं, पाठीच्या मणक्यात गॅप निघाला. ती अंगावर काढत होती. लेक तशीच आहे. या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला, त्यातून वाचली, पण हाताखाली बरगड्या लागतात.

मागच्या महिन्यात बायकोनं विचारलं, "आपण गेल्यावर हिचं काय?" अशा रुग्णांना कायमचं ठेवून घेणारी एक संस्था आम्ही बघून आलो. रांगेत खाटा होत्या, स्वच्छ होतं, माणसंही चांगली होती. येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. केगाव आल्यावर म्हणाली, "तिथं तिला कोणी नावानं हाक मारेल का?" मी तिचा हात धरला, आणि स्टँड येईपर्यंत तिनं तो सोडवून घेतला नाही.