चौक्याच्या घाटात तिसरा गिअर

शेंद्र्याच्या बानाबाईचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. मग तिनं पिकअप घेतली आणि दर बाजाराला मेंढरं भरून सिल्लोड गाठू लागली. भाची मंजुषाला माळावर गाडी शिकवली ती तिनंच.

मंजुषा आता जालना रोडवरच्या गॅरेजात गाड्यांचे कॉम्प्युटर ट्यून करते. इंजिनात डिझेल किती सोडायचं, टर्बोनं हवा किती दाबायची, हे ठरवणाऱ्या पेटीला लॅपटॉप जोडून आकडे बदलायचे. हौशी पोरं लांबलांबून गाड्या घेऊन येतात. एका सकाळी आत्याच येऊन उभी राहिली.

"मंजे, चौक्याच्या घाटात ट्रकवाले हॉर्न मारून मला मागं टाकतात. हिच्यात जोर भर. लई भर."

"भरते. आधी हिची तब्येत बघू दे."

एअर फिल्टर लोकरीनं आणि धुळीनं चोंदला होता, टर्बोच्या रबरी पाइपाला चीर गेली होती. मंजुषानं दोन्ही बदलले. "दुखण्यातल्या इंजिनाला जोर लावला असता, तर घाटातच बसलं असतं," ती म्हणाली.

मग तिनं मूळ सेटिंग जपून ठेवलं आणि आकडे थोडे थोडे चढवले. प्रत्येक वेळी गाडीत ओझं टाकून चक्कर मारायची, धूर बघायचा, इंजिन किती तापतंय ते बघायचं. एका चकरेत क्लच घसरला; इंजिन ओरडलं, पण जोर चाकांपर्यंत पोचेना. तिनं लगेच आकडे खाली आणले.

आत्याचं तोंड उतरलं. "अजून थोडं चाललं असतं की."

"इंजिनाला चाललं असतं, क्लचला नाय. भर उन्हात, मागं ओझं, अन् घाटात तू एकटी. मला घोर लागंल."

बानाबाईनं तिच्याकडं पाहिलं. "मेंढरू बी लई पिटाळलं की धापा टाकतंय. राहू दे एवढंच."

बाजाराच्या दिवशी मंजुषा लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसली. घाट संपला की उतरून एसटीनं परतायचं ठरलं होतं. चढ लागला. नेहमी दुसऱ्या गिअरात कण्हणारी गाडी तिसऱ्यात गुरगुरत निघाली. धूर नाही, तापमानाचा काटा जागच्या जागी. पुढं कापसाचा ट्रक होता. रस्ता मोकळा दिसताच बानाबाईनं हॉर्न दिला आणि तो मागं टाकला. मग ती अशी हसत सुटली की मंजुषालाही हसू आवरेना.

"आत्या, घाट संपला. थांब, उतरते."

"आता सिल्लोडलाच उतर."

मंजुषानं गॅरेजात फोन करून सुट्टी सांगितली. बाजारात आत्या मेंढरं विकायचं सोडून तिला ओळखीच्या प्रत्येकापुढं नेत होती. "ही माझी भाची. गाडीचं डोकं हिनंच दुरुस्त केलं." मंजुषा लाजत होती, पण हात काही सोडवून घेत नव्हती.