दोऱ्याचं रीळ आणि हवालदारकाकांचा हात

बोटाचे ठोके नोंदवायचं यंत्र आमच्या सांगलीच्या कॉलेजात होतं, नाही असं नाही. पण ते काचेच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. "मोडलं तर कोण भरून देणार?" एवढं एकच वाक्य सर त्या यंत्राबद्दल बोलत. मला मानसशास्त्राच्या एम.ए.चा प्रबंध लिहायचा होता: माणूस एका लयीत ठोके देत राहिला, तर पुढे लय बदलते का? शेवटी चिडलो. म्हटलं, खड्ड्यात गेलं तुमचं यंत्र, मी माझं करतो.

सुट्टीत साताऱ्याला घरी आलो आणि मामाचा ग्रामोफोन पळवला. मधल्या खुंटीवर दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ बसवलं. छापखान्यातून कागदाच्या अरुंद पट्ट्या आणून खळीने जोडल्या. ग्रामोफोन फिरला की कागद रिळावर गुंडाळला जायचा आणि वाटेत पेन्सिल त्यावर रेघ ओढायची. पेन्सिलीला बांधलेल्या कामटीवर बोट आपटलं की रेघेला दात यायचा. दोन दातांमधलं अंतर मोजायचं, झालं. खर्च काय तो खळीचा.

गल्लीतली दहा-बारा माणसं बसवली. सगळ्यांचे दात पुढे पुढे लांब पडत गेले. म्हणजे हात थकतो, ठोके संथ होतात, आणि तेही एकजात सगळ्यांचे. इथे शहाण्याला शंका आली असती. मला आनंद झाला, आणि मी सरांना पत्रही टाकून मोकळा झालो.

शेवटी शेजारचे हवालदारकाका बसले. फौजेत सिग्नलला बावीस वर्षं तारायंत्राची चावी ठोकलेला माणूस. बाह्या सारल्या, डोळे मिटले, मिनिटभर ठोके दिले. मी फूटपट्टी लावली आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "काका, वय झालं आता. तुमचाही हात थकतोय."

काकांनी टोपी घातली आणि घरी गेले. तिसऱ्या दिवशी काकू आल्या. "काय बोललास रं त्यास्नी? जेवताना बी ताटावर बोटं वाजवत्यात. झोप न्हाई, काय न्हाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या हाताच्या जोरावर माणूस जन्मभर ताठ चालला, तो हात मी सहा इंची फूटपट्टीने मोडीत काढला होता.

माफी मागायला उठलो, तर काकाच दारात. थेट ग्रामोफोनपाशी बसले. "फिरव." कागद गुंडाळत गेला तसं त्यांनी रिळाकडे बोट केलं. "आमी तारेचे ड्रम घेऊन डोंगर चढलोय गड्या. भरल्या ड्रमच्या एका फेरीला लय तार सुटती, रिकाम्याला थोडी. तुझं रीळ जाड हुतंय, तसा कागद जोरात पळतोय. माझा हात न्हाई थकला. तुझं डोकं थकलंय."

सगळी मेहनत पाण्यात, आणि पत्र तर सांगलीला पोचलेलं. मी डोक्याला हात लावून बसलो. काकाच म्हणाले, "दुसरी पेन्सिल बांध. वर पोरं ठोकतील, खाली मी. कागद पळू दे न्हाईतर लोळू दे, दोघांचा बराबरच पळंल."

आधी घड्याळ धरून त्यांचा हात तपासला. दोन मिनिटांत एकशेवीस ठोके, ना एक कमी, ना एक जास्त. "परत मोज," काका म्हणाले. मी परत मोजले.

माणसं पुन्हा बसवली, तेव्हा कळलं की थकणं राहिलं बाजूला, बहुतेक जण कंटाळून घाईच करतात. तोंडी परीक्षेला काका इस्त्रीचा कोट घालून माझ्याबरोबर एस.टी.ने सांगलीला आले. ग्रामोफोन मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "एखादं गाणं तरी लावा की."

परीक्षकांनी पट्टी उलगडली. "वरची रेघ ठोके देणाऱ्याची. खालची कुठल्या घड्याळाची?"

मी दाराबाहेर बाकावर बसलेल्या काकांकडे बोट दाखवलं. परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि याला चावी किती वेळाने द्यावी लागते?"

उत्तर बाकावरूनच आलं. "एक चहा, सायेब. फकस्त हात थकलाय म्हनायचं न्हाई."