खारट माठ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आधी विचारते, "तुम्ही स्वतः पाहिलंत?" माझा स्वभावच संशयी. दूधवाल्यासमोर दूध बोटावर घेऊन बघणारी बाई मी, त्यात शाळेत शास्त्र शिकवलेलं. त्यामुळे पुढचं वाचून कोणी हसलं तर मला राग नाही... मीही हसलेच असते.

मुलुंड पूर्व, १९६८-६९चा सुमार. आम्ही तिथल्या जुन्या गावठाणातले ईस्ट इंडियन ख्रिस्ती, घरात मराठीच बोलणारे. शाळेत मी 'परेरा बाई'. शाळा मराठी, बैठी, कौलारू. मागच्या कुंपणापलीकडे थेट खाडीपर्यंत मिठागरं. नळाला सकाळी तासभर पाणी. ते व्हरांड्यातल्या मोठ्या माठात भरायचं आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढून प्यायचं. माठाची मॉनिटर दहावीतली कुंदा. फार काटेकोर पोरगी, ओगराळं खाली ठेवलेलं तिला खपायचं नाही.

त्याच वर्गात सुनंदा होती. बौद्ध कुटुंबातली, वडील मिठागरात पाट्या उचलायचे. मार्चमधल्या एका दुपारी ती माझ्या तासाला चक्कर येऊन पडली. तोंडावर पाणी मारलं, शुद्धीवर आली तेव्हा विचारलं, "सकाळपासून पाणी प्यायली नाहीस का गं?"

"आज कुंदा आली नाही ना, बाई."

मला कळेना. मग हळूहळू कळलं. बाकीच्या मुली आपापल्या हाताने पाणी घ्यायच्या. सुनंदाने मात्र खालच्या पायरीवर ओंजळ धरून उभं राहायचं आणि कुंदाने वरून ओतायचं. निम्मं पाणी अंगावर, वर पोरींचं "लांब हो, लांब!" आणि खिदळणं. दोन वर्षं हे चाललं होतं. माझ्या डोक्यात सणक गेली.

हेडमास्तरांकडे तक्रार केली. ते चष्मा पुसत म्हणाले, "परेरा बाई, आपल्या शाळेत असलं काही होत नाही. आणि तुम्हाला आमच्यातलं काय कळतं?"

"तहान कळते, सर," मी म्हटलं. "चौकशी करा."

केली चौकशी! दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग उभा केला, सुनंदालाही त्यातच. "हिला कोणी वेगळं पाणी देतं का?" वर्गाने एका सुरात सांगितलं, "नाही, सर." सुनंदा खाली मान घालून उभी. सर माझ्याकडे बघून हसले. "मीही रोज व्हरांड्यातून जातो. मला कधी दिसलं नाही."

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत माठापाशी आरडाओरडा. पोरी थूथू करत होत्या. "खारट आहे! समुद्राचं पाणी!"

मी ओगराळं घेतलं. पाणी गार, गोड. म्हटलं, नाटकं! माझी खोडी काढताहेत. तेवढ्यात सरांनी घोट घेतला आणि फुर्रकन भिंतीवर थुंकले. मी पुन्हा प्यायले. तोच माठ, तेच ओगराळं, आणि मला गोड. ते माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. दोघांनाही वाटतंय, समोरचं माणूस खोटं बोलतंय.

माठ पालथा केला, घासला. शिपायाने शेजारच्या चाळीतून पाण्याच्या घागरी आणल्या. तेच पाणी चाळीतली माणसं पीत होती. सर स्वतः खुर्ची टाकून माठाशेजारी बसले. आणि पुन्हा तेच.

मी सगळ्यांवर संशय घेतला. शिपायावर, कुंदावर, खाडीच्या वाऱ्यावरसुद्धा. सरांना मात्र चोर लगेच सापडला. "बाप मिठागरात. मीठ कुठून आलं ते विचारायला ज्योतिषी कशाला हवा?"

सुनंदाचं दप्तर मी स्वतः उपसलं. पुस्तकं आणि भाकरी. पण शाळा सोडल्याचा दाखला हातात देऊन तिला घरी पाठवायचं, असं सरांचं ठरलं होतं. तेव्हा मॅट्रिक अकरावीला, म्हणजे एकच वर्ष उरलेलं. वडील धावत आले, पाय मिठाने चिरलेले. हात जोडून उभे. "साहेब, शिक्षा करा, पण दाखला नका देऊ. आमच्या घरात ही पयलीच शिकतेय." मला म्हणाले, "बाई, तक्रार कशाला केलीत हो?"

सरांना साक्षीदार हवा होता. त्यांनी व्हरांड्यात माठापाशीच, सगळ्या वर्गासमोर कुंदाला बोलावलं. "माठ तुझ्या ताब्यात असतो. हिला माठात काही टाकताना पाहिलंस ना?"

तिच्या माठाला कोणी हात लावला असेल, हे कुंदाच्या जिव्हारी लागलं. ती रडवेली होऊन म्हणाली, "नाही, सर! शप्पथ! माझी ड्यूटी मी कधी चुकवली नाही. तिला मी माठाला हात कधी लावू दिलाय? वरच्या पायरीवरसुद्धा येऊ देत नाही!"

आपण काय बोललो ते कुंदालाही समजलं असावं. ती सुनंदाच्या वडिलांकडे बघत राहिली.

"ऐकलंत, सर?" मी विचारलं.

"मला नीट ऐकू आलं नाही," सर म्हणाले.

रडून रडून कुंदाला उचकी लागली होती. मी तिला पाणी दिलं. भीत भीत एक घोट घेतला तिने, मग घटाघटा प्यायली. "बाई... गोड आहे." मग एकेक पोरगी पुढे आली. "हो बाई, मीपण लांब हो म्हणायचे." जी सांगेल, तिला पाणी गोड.

सुनंदाचा दाखला निघाला नाही. एवढ्या जणींसमोर काढणार कसा? दुसऱ्या दिवशी ती वरच्या पायरीवर आली आणि स्वतःच्या हाताने ओगराळं बुडवून पाणी प्यायली. सर रिटायर होईपर्यंत घरून पाण्याची बाटली आणायचे.

पुढे सुनंदा नर्स झाली. एकदा बाजारात भेटली तेव्हा न राहवून विचारलंच, "खरं सांग, मीठ तूच टाकलं होतंस ना?"

ती हसली. "बाई, कुंदाने टाकू दिलं असतं का?"

मग कोणी टाकलं? आणि एकाच ओगराळ्यातलं पाणी दोघांना दोन चवींचं कसं लागलं? शास्त्राच्या पुस्तकांत मला काही सापडलं नाही. एवढं मात्र खरं... अजूनही कुठे काही वाईट दिसलं आणि 'आपल्याला काय करायचंय' असं मनात आलं, की पाण्याचा ग्लास तोंडाला लावायची मला भीती वाटते.