तुरट तरी लागलं

चाकणच्या आमच्या कंपनीत आलेल्या फ्रेंच पाहुण्यांनी निगडीच्या एका हॉटेलात जेवण दिलं होतं. माझ्या शेजारी पांढऱ्या टोपीतले एक वयस्कर गृहस्थ बसले होते. कंपनीच्या गोदामाचे जागामालक असावेत. नाव विचारायचं राहूनच गेलं. पाहुण्यांनी आणलेल्या लाल वाईनचा ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी धरला, चहासारखा एक घोट घेतला आणि जिभेनं टाळू चाचपत राहिले.

"तोंड धरतंय राव, कच्च्या जांभळावानी," ते म्हणाले.

"मटणाबरोबर घ्या, काका. तुरटपणा जातो," पाहुण्यांकडून नुकतंच ऐकलेलं मी सांगितलं आणि वाटी पुढे केली.

त्यांनी ती हलकेच बाजूला सारली.

"नगं. आमची कारभारीण वारली, तवापासनं भाकरी काय न् पेढा काय, समदं मातीवानी. डॉक्टर झाले, देव झाले. आज पयल्यांदा तुरट तरी लागलं."

त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसतही होते. सांत्वन करावं की आनंद मानावा, मला कळेना.

"तुमची ऱ्हायली का?" त्यांनी माझ्या ग्लासाकडे बघत विचारलं.

मी गोंधळून माझा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. त्यातला एक घोट तोंडात घोळवत ते कितीतरी वेळ डोळे मिटून बसले.